जगूभाईंची अस्वलीण

चिंचणीत आमच्या आळीचा रस्ता चिकूच्या वाड्यांमधून वळत वळत समुद्राकडे जातो. प्रत्येक वळणाच्या अलीकडे जगूभाई थांबतात, टाळ्या वाजवतात आणि खणखणीत आवाजात जाहीर करतात, "येतोय हां. माणूस येतोय." मग जरा वाट बघतात आणि वळतात. पलीकडून कोणी उत्तर देत नाही, कारण पलीकडे बहुधा एखादी म्हैस असते, नाहीतर कोणाची तरी उभी केलेली मोटारसायकल.

नव्या माणसाला वाटतं, यांचा एखादा स्क्रू ढिला आहे. आम्हाला मात्र इतकी सवय झालीय की सकाळी टाळी ऐकू आली नाही तर आळीतल्या बायका विचारतात, "भाई आजारी हायत का?"

मी शेजारी. एकदा न राहवून विचारलं, "भाई, वळणापलीकडे असतं कोण?"

"ते दिसत नाय म्हणूनच सांगायचं," ते म्हणाले. "रवी, अस्वल कधी अंगावर येतं ठाव हाय? दचकलं की. त्याला लांबचं नीट दिसत नाय. ते आपलं वारूळ उकरण्यात दंग असतं आणि आपण भसकन समोर जातो. मग ते घाबरतं. घाबरलेल्याइतकं वाईट कोण नाय. जनावर असो का माणूस."

"पण चिंचणीत अस्वल?"

"मी कुठं म्हटलं चिंचणीत हाय? सवय ती सवय."

आमच्या पट्ट्यात अस्वल कोणी पाहिलेलं नाही. वाणगावच्या पलीकडे डोंगराच्या बाजूला बिबट्या आल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पण बिबट्यात जगूभाईंना रस नाही. "त्याचं काय, त्याचं नाव सगळेच घेतात," असं म्हणून ते विषय मोडतात. एखाद्या गवयाने दुसऱ्या घराण्याबद्दल बोलावं तसं.

त्यांचं घराणं गडचिरोलीचं. तरुणपणी ते विजेच्या टॉवरलाइनच्या सर्व्हेच्या कामावर तिकडच्या जंगलात गेले होते. मोहाची फुलं गळायचे दिवस होते. फुलं वेचायला माणसं सकाळी लवकर निघतात आणि अस्वलंही त्याच वेळी त्याच झाडांखाली येतात. जगूभाई सोबत्यांच्या पुढे चालत होते. नाल्याचं वळण ओलांडलं आणि समोर अस्वलीण, पाठीवर दोन पिल्लं.

"मी पळालो," हे ते इतक्या शांतपणे सांगतात, जणू दुसऱ्या कोणाचं सांगतायत. "ही पयली चूक. ती पळायला लागली की घोडा मागं राहील. मग पळता पळता मागं वळून बघितलं. ही दुसरी. माझं तोंड मीच तिच्या पंजात दिलं."

सोबत्यांनी आरडाओरडा करत काठ्या आपटल्या तेव्हा ती गेली. जाताना जगूभाईंचा डावा डोळा, अर्धा कान, गालाचा बराचसा भाग आणि ओठांचा एक कोपरा घेऊन गेली. चष्म्याची डावी काडी त्या अर्ध्या कानावर टिकत नाही, म्हणून ते चष्मा दोऱ्याने बांधतात.

गंमत म्हणजे या अस्वलिणीबद्दल वाकडा शब्द त्यांना चालत नाही. एकदा दळणाच्या गिरणीत कोणीतरी म्हणालं, "भाई, त्या हलकट जनावराला गोळी घालायला पायजे होती." जगूभाई दळण तसंच टाकून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "पाठीवर लेकरं होती तिच्या. तुज्या बायकोच्या अंगावर कोण असा भसकन आला तर ती काय आरती करील?" त्या अस्वलिणीला ते 'बाई' म्हणतात. "बाई रागावली", "बाईचा नाइलाज होता." ऐकणाऱ्याला वाटावं, शाळेतल्या बाईंबद्दल बोलतायत.

ही गोष्ट ऐकल्याशिवाय कोणाची सुटका नाही. नवा रिक्षावाला, बँकेतला नवा कॅशियर, मुलगी बघायला आलेले पाहुणे, कोणीही असो. नमस्कार झाला की लगेच, "मी जगन्नाथ. हे अस्वलानं केलं." समोरचा अजून बघू की नको या विचारात असतो, तोवर जगूभाई नाल्यापाशी पोहोचलेले असतात. गोष्ट संपली की शिकवणी सुरू. एकट्याने रानात जाऊ नये. बोलत, खाकरत, काठी आपटत जावं. पिल्लू दिसलं तर गोंडस म्हणून जवळ जाऊ नये, आल्या पावली मागे सरकावं. झाडावर चढू नये, "ती तुमच्या आधी वर असते." आणि अंगावर आलीच, तर पालथं पडावं, तोंड मातीत, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंतवावीत, आणि ती गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नये. "पाठ फाटली तर शिवता येते," हे त्यांचं ठरलेलं शेवटचं वाक्य. "तोंड शिवलेलं कसं दिसतं ते बघताच हाय तुमी."

वाणगावला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. जेवणाला उशीर होत होता आणि वऱ्हाडी कुरकुरायला लागले होते. जगूभाईंनी ती वेळ साधली. नवा सफारी घातलेल्या नवरदेवाच्या काकांना त्यांनी मांडवात पालथं झोपवलं. काका बिचारे मुलाकडचे असूनही भिडस्त होते. त्यांचं पाहून दोन मावसभाऊ आडवे झाले, मग पोरं. फोटोग्राफरला वाटलं ही इकडची काही रीत असेल, त्याने सगळ्याचे फोटो काढले. आजही त्या अल्बममध्ये मंगलाष्टकांनंतर थेट जाजमावर पालथी पडलेली माणसं येतात.

गावच्या शाळेतही ते एकदा गेले होते. श्वास रोखून मेल्याचं सोंग घेणाऱ्या माणसाला अस्वल हुंगून निघून जातं, ही गोष्ट मास्तरांनी वर्गात सांगितली, असं त्यांच्या कानावर आलं होतं. "मास्तर, तो माणूस उताणा झोपला होता का पालथा?" त्यांनी दारातूनच विचारलं. मास्तर म्हणाले, "भाई, ते मैत्रीचं तात्पर्य आहे." "तात्पर्य राहू द्या. उताणा झोपला असेल तर पोरांना ती गोष्ट सांगू नका."

लोक हसायचे, पण एकदा मात्र हसू थांबलं. घिवलीहून मासळी विकायला येणाऱ्या जयूबाईला तारापूरच्या रस्त्यावर कुत्र्यांच्या टोळीने घेरलं. ती पळाली नाही. जागच्या जागी उभी राहिली, आणि एका कुत्र्याने लुगडं धरून खाली ओढलं तेव्हा पालथी पडून तिने हात मानेमागे घेतले. टोपली कलंडली. कुत्री बोंबलांकडे वळली आणि माणसं धावून आली. हाताला चावे होते, सुया घ्याव्या लागल्या. बरी झाल्यावर ती जगूभाईंच्या अंगणात येऊन म्हणाली, "भाई, तुजी अस्वलीन कामाला आली रे. बोंबील गेले, पन मान वाचली." त्यानंतर आठवडाभर जगूभाईंच्या टाळ्या जरा जोरात वाजत होत्या.

तर असा हा माणूस. म्हणून बोईसरला आमच्या कंपनीत रामकुमारची हकिगत कळली तेव्हा मला पहिली आठवण त्यांची झाली.

रामकुमार माझ्या हाताखाली पॅकिंगला आहे, छत्तीसगडचा. त्याची बायको सुखमती गावाकडे मोह वेचायला गेली असताना अस्वलाने तिला गाठलं. रायपूरच्या दवाखान्यात काही महिने काढून तो तिला बोईसरला घेऊन आला होता. चाळीतल्या खोलीत ती दार लावून बसते, असं तो म्हणाला. सार्वजनिक नळावरही जात नाही. पाणी तोच भरतो.

मी जगूभाईंना सांगितलं. मला वाटलं, गडी खुलेल, इतक्या वर्षांनी आपल्या घराण्यातलं कोणी भेटतंय. ते ओट्यावर चिकू निवडत बसले होते. हात थांबला.

"तोंडाला लागलंय का?" त्यांनी विचारलं.

"हो म्हणाला."

ते परत चिकू निवडायला लागले. सगळे निवडून झाल्यावर म्हणाले, "रविवारी जाऊ."

रविवारी आम्ही रिक्षाने बोईसरला गेलो. रिक्षावाला नवीन होता, तरी जगूभाईंनी त्याला अस्वलाची गोष्ट सांगितली नाही.

रामकुमारची खोली म्हणजे एक दार आणि एक खिडकी. खिडकीला चादर लावलेली. सुखमती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. रामकुमारने तिला सांगितलं, "साहब आए हैं." ती हलली नाही.

जगूभाई खाली बसले. मी वाट बघत होतो, आता नाला येईल, बाई येईल. त्यांनी फक्त विचारलं, "चाय मिलेगी क्या, बेटी?"

यजमानीण म्हणून तिला उठावंच लागलं. स्टोव्ह पेटला, चहा झाला. तिने पाठमोरीच बशी मागे सरकवली आणि मग, कोण चहा मागतंय हे बघायला असेल, वळून पाहिलं. जगूभाईंचा चेहरा तिला दिसला. ती तशीच बघत राहिली.

जगूभाईंनी बशी उजवीकडे तिरकी केली, मान त्याच बाजूला कलवली आणि चहाचा घोट घेतला. थोडा चहा फाटक्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला. त्यांनी तो घाई न करता रुमालाने टिपला.

"ऐसे," ते म्हणाले. "जो बाजू अच्छा है, उधर से. थोडा गिरेगा. गिरने देने का. रुमाल रखने का."

सुखमतीने पदर खाली केला. जखमा अजून लाल होत्या, गाल आत ओढलेला. तिने स्वतःसाठी बशीत चहा ओतला, मान कलवली आणि प्यायली. सांडला. जगूभाईंनी आपला रुमाल झटकून, घडी करून, कोरडी बाजू वर करत तिच्यापुढे ठेवला. मग दोघं चहा पीत बसले, बशी तिरकी धरून, एकमेकांकडे बघत. तिने हळूच विचारलं, "आपको भी रात में सपना आता है?" ते म्हणाले, "अब कम आता है." एवढंच. अस्वलाबद्दल त्या खोलीत दुसरं काही बोलणं झालं नाही.

रामकुमार दारात उभा होता, नजर चाळीच्या गटाराकडे. निघताना जगूभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पानी भरता है, अच्छा करता है," ते म्हणाले. "पर उसकी तरफ देख. बात करते टाइम देख. तू नहीं देखेगा तो वो कहाँ जाएगी?"

रामकुमारने मान हलवली. मग त्याने आत पाहिलं. चटकन नजर वळवली आणि परत पाहिलं.

परतीच्या वाटेवर जगूभाई आपणहून बोलले. "मी दवाखान्यातून घरी आलो तेवा आईनं सगळं केलं. आंघोळ घातली, औषध दिलं. जेवायला वाढायची, पण ताटाकडं बघून. मरेपर्यंत तिनं माज्याकडं सरळ बघितलं नाय. तिची चूक नाय रे. तिला बघवत नव्हतं." रिक्षा खड्ड्यातून गेली. ते सावरून बसले. "मग मीच ठरवलं, आपणच आधी सांगून टाकायचं. माणूस गोष्ट ऐकताना तरी तोंडाकडं बघतो."

इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना मी कोणासमोर जेवताना पाहिलेलं नव्हतं, हे त्या रिक्षात माझ्या लक्षात आलं. लग्नात, बारशात, आमच्याकडच्या गणपतीत, पानं मांडली की भाई कुठेतरी निघून गेलेले असायचे. आम्हाला वाटायचं, बडबड्या माणूस, दुसऱ्या श्रोत्याकडे गेला असेल.

घरापाशी उतरलो. दुपार झाली होती. माझी बायको मंगल दारात आली. मी म्हणालो, "भाई, जेवून जा."

"नको रे, घरी हाय केलेलं."

ते फाटकापर्यंत गेले. कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले, बराच वेळ. मग वळले आणि मंगलला विचारलं, "काय केलंस गं आज?"

"कोलंबीचं कालवण. भात. भाकरी पण हाय."

ते आत आले, पाय धुऊन पाटावर बसले. भात कालवला, पहिला घास घेतला, मान उजवीकडे कलवून. थोडं कालवण हनुवटीवर ओघळलं. रुमाल तर बोईसरला राहिला होता. मंगलने खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं, "तिखट झालंय का, भाई?"

"बरोबर हाय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "भात घाल अजून."