झिटरूजींचं अपील

मोहाडीच्या बाजारात वांग्याचा भाव ऐकला की झिटरूजी मान हलवायचे आणि म्हणायचे, "हा झाला खालच्या कोर्टाचा निकाल. आपन वर जाऊ." आणि खरंच वर जायचे, म्हणजे बाजाराच्या वरच्या टोकाला बसणाऱ्या बाईकडे. तिथंही तोच भाव निघाला, तर वांगी घ्यायचे, पण तिला बजावून : "मान्य नाई बरं का मले हा भाव!"

न्हाव्याने कल्ले आखूड कापले, अपील. शेजारच्या बकरीने वालाचा वेल खाल्ला, अपील, तेही बकरीसमोर उभं राहून. दाढ दुखायला लागली तेव्हा मोहाडीच्या डॉक्टरने ती काढायला सांगितली. झिटरूजी सायकलीवर टांग टाकून वरठीला गेले. तिथंही तेच ऐकल्यावर भंडाऱ्याला. भंडाऱ्याचा डॉक्टर म्हणाला, राहू द्या थोडे दिवस. सुजलेला गाल धरून ते माझ्या दारात आले. "पाहा बाबूजी, स्थगिती भेटली!"

मी तेव्हा तहसील कचेरीत कारकून होतो आणि त्यांच्या घराला लागलेल्या खोलीत भाड्याने राहत होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. झिटरूजी चाळिशी ओलांडलेले, बिनलग्नाचे. करडीच्या रस्त्याला त्यांच्या धानाच्या बांध्या होत्या.

अपिलाएवढीच त्यांची आणखी एक खोड गावाला ठाऊक होती. त्यांना खोटं बोलता येत नसे. एकदा कुणाच्या तरी सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या बापाने सहज विचारलं, "पोरगा कसा हाय?" झिटरूजी म्हणाले, "सोभावानं लय चांगला. पन उन्हं अंगावर आल्याबिगर उठत नाई." सोयरीक मोडली. तेव्हापासून लोक बैठकीचं बोलावणं त्यांच्या घरावरून पुढं न्यायचे.

पण ही कोर्टाची भाषा त्यांच्या तोंडी आली कुठून, हे मला राहायला आल्यावर काही महिन्यांनी कळलं. ते हसण्यासारखं नव्हतं.

त्यांचा धाकटा भाऊ बाल्या नागपूरच्या तुरुंगात होता. आईबाप लवकर गेले, तेव्हा बाल्या चालायलाही शिकला नव्हता. झिटरूजींनीच त्याला वाढवलं. पोरगा मोठा झाला आणि वाईट संगतीला लागला. एका संध्याकाळी त्याने तिघांना घेऊन करडीच्या रस्त्यावर धानाच्या व्यापाऱ्याची जीप अडवली. बाल्याच्या हातात देशी कट्टा होता. गोळी सुटली, ड्रायव्हरच्या कानाला चाटून गेली. पैसे घेऊन चौघंही पळाले.

चार दिवसांनी झिटरूजी धान काढायला घरातल्या साठवणीच्या ढोलीत उतरले, तेव्हा धानाखाली तो कट्टा हाताला लागला. त्यांनी तो दुपट्ट्यात गुंडाळला आणि सरळ पोलीस ठाण्यात नेऊन टेबलावर ठेवला.

"काहून दिला जी तुम्ही?" मी एकदा विचारलं.

त्यांनी स्वतःच्या कानाशी बोट नेलं. मग म्हणाले, "बोटभर इकडं लागली असती त मानूस मेला असता बाबूजी. बाल्या अजून लुटाले जानार होता. मले दिसून राहिलं होतं."

भंडाऱ्याच्या कोर्टात बाल्याच्या वकिलाने त्यांना परोपरीनं समजावलं. कट्टा घरात सापडला नाही, पोलिसांनी दमदाटी करून सही घेतली, एवढंच म्हणा, पोरगा सुटेल. झिटरूजी पिंजऱ्यात उभे राहिले आणि जे झालं ते सगळं सांगून खाली उतरले. समोर बाल्या बसला होता. त्याने मान वर केली नाही. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

कोर्टाच्या पायऱ्यांवरच झिटरूजींनी वकिलाची बाही धरली. "आता अपील कोठं कराची?"

वकील भडकला. "तुमच्याच जबानीनं शिक्षा झाली आणि तुम्हीच अपील करता?"

"जबानी खरी हाय," झिटरूजी म्हणाले. "शिक्षा जास्त हाय."

नागपूरच्या हायकोर्टात अपील दाखल झालं. तारखेला तुमची गरज नाही, असं तिथल्या वकिलाने सांगूनही झिटरूजी प्रत्येक तारखेला जायचे. वरठीच्या स्टेशनावर सायकल ठेवायची, पॅसेंजर धरायची, कोर्टाच्या मागच्या बाकावर बसायचं. तिथून तुरुंगाच्या दारात जाऊन भेटीसाठी नाव द्यायचं. शिपाई आत जाऊन यायचा आणि सांगायचा, "येत नाही म्हणतो." गावात कुणी विचारलं, बाल्या कसा हाय, तर झिटरूजी खरं तेच सांगायचे. "नाई भेटला." आणि वांग्याच्या भावाकडे वळायचे. लोक हसायचे. मीही हसत असे.

निकालाच्या दिवशी त्यांनी मला सोबत नेलं. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. स्टेशनाबाहेर मी तर्री-पोह्याची बशी समोर ठेवली, त्यांनी ती माझ्याकडेच सरकवली. कोर्टात न्यायाधीश इंग्रजीत काही वाचत गेले. वकिलाने वळून आम्हाला हळूच सांगितलं : गुन्हा कायम, पण कोवळं वय पाहून शिक्षा दहाची सात.

झिटरूजींनी हात जोडले. कुणाला, ते कळलं नाही.

तुरुंगाच्या दारात त्यांनी नेहमीसारखं नाव दिलं. या खेपेला शिपाई परत आला आणि म्हणाला, "चला."

जाळीपलीकडे बाल्या उभा होता. झिटरूजींनी एका दमात सगळं सांगितलं : न्यायाधीश काय म्हणाले, वकील काय म्हणाला, दहाचे सात कसे झाले. बाल्या ऐकत होता की नाही, कोण जाणे. तो फक्त भावाच्या तोंडाकडे पाहत होता. सांगणं संपलं तेव्हा त्याने विचारलं, "जेवला का तू?"

"जेवलो," झिटरूजी म्हणाले. "पोटभर."

मी खाली पाहिलं.

झिटरूजी जाळीला बोटं अडकवून उभे राहिले. वेळ संपल्याचं शिपायाने सांगितलं, बाल्या वळून आत गेला, तरी बोटं तिथंच होती. शिपायाने हलकेच ती सोडवली.

बाहेर येऊन ते भिंतीच्या सावलीत बसले. मला वाटलं, निकालाबद्दल बोलतील. ते रस्त्याकडे पाहत होते.

"बाबूजी, त्याचे केस पाहिले?"

"हो."

"माह्यापेक्षा जास्त पांढरे झाले," झिटरूजी म्हणाले.