भिवराचं भोक कुणाकडे?

एका जंगलात वारुळं पुष्कळ होती, मुलांनो, आणि दवाखाने मात्र दोनच. तिथे भिवरा नावाची अस्वलीण राहायची.

अस्वल कसं जेवतं, ठाऊक आहे? वारूळ फोडायचं, तोंड लावायचं आणि सुर्रकन वाळवी ओढायची. भिवरा स्वतः जेवायची आणि पाठीवरच्या दोन पिल्लांनाही भरवायची.

एकदा तिची वरची दाढ ठणकू लागली. दंतवैद्य साळिंदराने ती उपटली. दाढ मुळासकट आली. साळिंदर खूश झाला.

दुसऱ्या दिवशी भिवरा ओढ्यावर पाणी प्यायली. पाणी नाकातून बाहेर आलं. वारुळाला तोंड लावलं, तर तोंडात नुसता वारा. वाळवी जागची हलेना.

ती साळिंदराकडे गेली. "डॉक्टर, दाढेच्या जागी भोक पडलंय."

"वरच्या दाढेच्या डोक्यावर पोकळी असते, बाई. कधीकधी होतं असं. पाणी कुठून येतं म्हणालात?"

"नाकातून."

"मग नाकवाल्यांना दाखवा."

नाकाची डॉक्टर होती चिचुंद्री. तिने भिवराच्या नाकात आपलं नाक घालून तपासलं.

"पोकळीत पू होतोय. पण तो भोकामुळे. भोक कुठे आहे?"

"तोंडात."

"तोंड आमच्याकडे येत नाही."

भिवराने आठ दिवस हेलपाटे घातले. गाल सुजला. खाली वाकलं की डोळ्याखाली ठणका लागायचा. पिल्लं भुकेने तिचेच केस चोखू लागली.

शेवटी ती जांभळीखाली बसून रडली. वर एक शिंपीण, म्हणजे पानं शिवून घरटं करणारी पक्षीण, कामात होती.

"काय झालं गं, भिवराक्का?"

"भोक पडलंय गं."

"एवढंच ना? आ कर."

शिंपिणीने चार दिवस कडुलिंबाच्या पाण्याने पोकळी धुतली. पू थांबल्यावर कोळ्याच्या धाग्याने हिरडी ओढून शिवली. "पंधरा दिवस नाक शिंकरायचं नाही, काही ओढायचं नाही. पिकली जांभळं गिळ."

सोळाव्या दिवशी वाळवी सुर्रकन आली. पिल्लं पोटभर जेवली. आनंदाच्या भरात भिवराने ही हकीकत चौघांना सांगितली.

मुलांनो, साळिंदर आणि चिचुंद्रीचं कधी पटलं नव्हतं. पण शिंपिणीविरुद्धची तक्रार दोघांनी एकाच पानावर लिहिली.

सिंहमहाराजांनी भिवराला विचारलं, "भोक बुजलं, असं कोणत्या डॉक्टरने लिहून दिलंय?"

भिवराने शेजारच्या वारुळाला तोंड लावलं. सुर्र! वारूळ अर्धं रिकामं झालं.

"हा काही कागद नव्हे," महाराज म्हणाले.

शिंपिणीला पानांखेरीज काहीही शिवायची बंदी झाली. भिवराचं भोक दप्तरात उघडंच राहिलं. उघडं आहे, म्हणून दर महिन्याला तिने दोन्ही दवाखान्यांत जायचं ठरलं. ती जाते. दोघंही तपासतात आणि तिला दुसऱ्याकडे पाठवतात.

तात्पर्य: भोक पडायचंच असेल, तर ते एकाच डॉक्टरच्या हद्दीत पाडून घ्यावं. आणि चुकून बरं वाटलंच, तर चारचौघांत बोलू नये.