मनिरामचा मंगळवार

केशोरी गावातल्या मनिरामच्या घरी साखरेचा डबा लोखंडी कपाटात, बायको चंद्रकांताच्या लग्नातल्या शालूशेजारी राहत असे, आणि किल्ली तिच्या कमरेला. मनिरामला मधुमेह निघाल्यापासूनचा हा बंदोबस्त. जेवणात परसातल्या वालाच्या शेंगा, सोबत कारल्याचा रस. "बाजारचं कायले खाता? माया शेंगा पाहा, एकबी किडकी नाई," असं ती अभिमानाने सांगे. मनिराम निमूट खाई. गावात त्याच्या संयमाचे दाखले देत. देणाऱ्यांना एवढंच ठाऊक नव्हतं, की धानाचा भाव विचारायला म्हणून हा गृहस्थ दर मंगळवारी एसटीने गोंदियाला जातो आणि स्टेशनजवळ उभ्याउभ्या पाव किलो जलेबी संपवून येतो. बाकीचे सहा दिवस तो त्या एका दिवसाच्या जोरावर काढत होता.

अशाच एका मंगळवारी तो संध्याकाळी तृप्त मनाने घरी परतला, तर ओसरीवर नीतू बसलेली. ही मुर्री गावची मुलगी, नागपूरला संशोधन करणारी; त्यासाठी गावोगाव नमुने गोळा करत होती. पुढ्यात तीन बाटल्या, मनिराम, चंद्रकांता आणि मनिरामची माय सुशिलाबाई अशा तिघांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या.

"उद्या सकाळची पहिली लघवी यात द्यायची, काका. मेटाबोलोमिक्स म्हणतात याला. आपण जे खातो त्याचे शरीरात बारीक बारीक पदार्थ बनतात. ते मोजले की काय खाल्लं, कोणता आजार डोकावतोय, फवारणीचं औषध अंगात किती गेलं, सब समजते."

"आज का खाल्लं तेबी?" मनिरामने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आजचं तर पक्कं."

मनिरामच्या पोटातली जलेबी गार पडली. चंद्रकांता मात्र खूश झाली. "होऊनच जाऊ दे. काई गडबड निघाली त यांचं एकट्यानं गोंदियाले जानं बंद. भाव फोनवर विचारतील."

सकाळी तिन्ही बाटल्या भरून ओसरीवरच्या बर्फाच्या डब्यात गेल्या. चंद्रकांता गोठ्यात होती. मनिराम डब्यापाशी घुटमळला. त्याला त्याची माय आठवली. सुशिलाबाईंना गोडाचा तिटकारा, दोन वेळा पेज आणि भाजी. एकच व्यसन होतं, दातांना तंबाखूची गुडाखू घासायचं, पण तोंडात फोड आला तेव्हा तिने सगळ्यांसमोर गुडाखूची डबी गावतलावात फेकली होती. एवढी स्वच्छ बाटली शेजारीच असताना काळजी कसली? मनिरामने आपली चिठ्ठी मायच्या बाटलीला आणि मायची आपल्या बाटलीला चिकटवली. चिठ्ठ्या अलगद निघाल्या, जणू कोणी आधीच सैल करून ठेवल्या होत्या. देव पाठीशी आहे, असं मनिरामला वाटलं.

मग तो इतका बिनघोर झाला, की पुढचे चारही मंगळवार त्याने पाव किलोचा अर्धा किलो केला.

महिन्याभराने नीतू कागद घेऊन आली. "काका, तुमच्या लघवीत साखर भरपूर. गोड खाल्ल्याचीही खूण आहे."

मनिराम मायकडे वळला. बाटली तर मायची! "माय," तो कळवळून म्हणाला, "तुले साखर हाय अन् सांगतलं नाई?"

"काका, हा तुमचा कागद आहे. आजींचा हा. यात तंबाखू आहे."

सुशिलाबाईंचे डोळे भरून आले. "मनिराम, तू कवापासून तंबाखू खाऊन राहिला गा?"

"आजी, हा तुमचा!"

"नमुने इकडचे तिकडे झाले असतीन," मनिराम ठासून म्हणाला.

"शक्यच नाही. बाईच्या आणि पुरुषाच्या लघवीतल्या खुणा वेगळ्या असतात. सगळं बरोबर जुळतंय."

"असं कसं जुळन? म्या सोता चिठ्ठ्या बदलवल्या!"

 सुशिलाबाईंनी डोळे पुसायचे थांबवले. "तू बी? मेल्या, मी त डब्यात गेल्याबरोबर बदलवल्या होत्या! म्हटलं, पोरगा कारलं पिते, त्याची बाटली चांगली निघन."

दोघांच्या लबाडीने सत्य जागच्या जागी आलं होतं. चंद्रकांताने कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे, मग सासूकडे पाहिलं. "गोंदिया बंद! अन् मामीजी, डबी काढा."

"कधीतरी एखादा तुकडा खाल्ला असन," मनिराम पुटपुटला.

"काकू," नीतू खाकरली, "तुमचा कागद राहिला. तिघांत फवारणीचं औषध तुमच्याच अंगात जास्त निघालंय."

चंद्रकांता तर धानाच्या बांधीकडे फवारणीला कधी फिरकतही नसे. मायलेकांनी एकाच वेळी परसातल्या वेलाकडे पाहिलं. एकबी किडकी नाई.

"धान फवारून उरलं होतं थोडंसं, म्याच वेलावर मारलं," चंद्रकांताचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "फेकाले जीवावर आलं."

"घाबरू नका, पण बंद करा. आणि तिघांनीही महिन्यातून एकदा तपासणीला गोंदियाला यायचं."

"कोन्या दिवशी?" मनिरामने श्वास रोखून विचारलं.

"मंगळवारी."

पुढच्याच मंगळवारी तिघं एसटीने गेली. तपासणी झाली. स्टेशनजवळ मनिराम मान खाली घालून भराभर चालू लागला, तेवढ्यात दुकानातून हाक आली, "अरे काकाजी! हमेशा का आधा किलो तौल दूँ?"

"एखादा तुकडा?" चंद्रकांताने नवऱ्याकडे नखशिखांत पाहिलं. मग सासूला हाताला धरून बाकावर बसवलं. "द्या नेहमीचं. आमी दोघी खातो." सुशिलाबाईंचा गोडाचा तिटकारा त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे.

"अन् मी?" मनिरामने विचारलं.

"तुमी तवरिक धानाचा भाव विचारून या."

मनिराम निघाला. दोन वर्षं न चुकता दर मंगळवारी गोंदियाला आलेल्या त्या माणसाला, भाव कुठे विचारतात, हे आधी एका रिक्षावाल्याला विचारावं लागलं.