गावंडे सरांची स्थळं

आमच्या ग्रंथालयात ‘शांतता राखा’ ही पाटी जिथे लावली आहे, बरोबर तिच्याखाली बसून मोठमोठ्यानं बोलणारा एकच माणूस अख्ख्या अमरावतीत आहे. गावंडे सर. अकोल्याच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले, ऐंशीच्या घरात आहेत आणि कान पार गेलेत. मी इथली ग्रंथपाल. नवी असताना मी त्यांना ती पाटी दाखवली. सरांनी चष्मा वर करून ती नीट वाचली आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाले, “बराबर हाय मॅडम. हे पोट्टे लय गडबड करतात!”

पोट्टे काहीच करत नव्हते. पोट्टे हसू दाबत होते.

कानाला मशीन लावा, असं त्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. एकदा लावलीही. दुसऱ्या दिवशी काढून खिशात. “मशीनमधून माणसाचा आवाज येतच नाही ना. पंख्याचा येते. आता पंखा काय सांगनार हाय मले?”

पण सरांची खरी खोड वेगळीच आहे. सकाळच्या गाडीनं अकोल्याहून बडनेरा, तिथून ऑटोनं आमच्याकडे, असा जो खटाटोप ते दर दोन-चार दिवसांनी करतात, तो वाचायला नाही. ते येतात स्थळं जुळवायला.

दचकू नका. लग्नाची नव्हे, संशोधनाची. आमच्यासारख्या ठिकाणी दोन तऱ्हेची माणसं येतात. एकांच्या डोक्यात सगळा वऱ्हाड साठवलेला असतो, पण कॉम्प्युटर दिसला की त्यांना घाम फुटतो. दुसऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये जग असतं, पण समोरच्या म्हाताऱ्याला काय विचारावं हे ठाऊक नसतं. ही मंडळी समोरासमोरच्या टेबलांवर वर्षं काढतात आणि पंख्याचा वेग सोडून एकमेकांशी कशावरही बोलत नाहीत. सरांना ते बघवत नाही. “एवढे उपवर लोक घरात, अन् कोनी पुढाकार घेत नाही!”

म्हणून पुढाकार सर घेतात. नवीन पोरगं दारातून आत आलं की चौकशी सुरू. “कोन्या गावचा? विषय कोनता? तापट हायेस का?” सगळं पसंत पडलं की कॅन्टीनमध्ये तर्री-पोह्यांवर बघण्याचा कार्यक्रम. एका बाजूला म्हातारा, दुसऱ्या बाजूला पोरगं, मध्ये सर. दोघांनी एकमेकांना एकेक प्रश्न विचारायचाच, असा नियम. “नापसंती असन तर आताच सांगा. मंग माह्या नावानं बोंबलू नका.”

सुरुवातीला मी जाम वैतागायचे. ग्रंथालय आहे की वधू-वर मेळावा? पण मग सरांनी धामणगावच्या जोशीआजी आणि इंजिनिअरिंग सोडून इतिहासात शिरलेला अंकुश यांची गाठ घातली. आजींना मोडी लिपी घडाघडा येते, पण बारीक अक्षर दिसत नाही. अंकुशला मोडीतलं ओ की ठो कळत नाही, पण तो कागदाचा फोटो काढून एकेक अक्षर पडद्यावर पुरणपोळीएवढं करून दाखवतो. पहिल्या आठवड्यात दोघं कडकडा भांडली. आज आजी त्याच्यासाठी मेथीचे लाडू आणतात आणि तो आजींना विचारल्याशिवाय पान उलटत नाही. ज्या कागदांच्या गठ्ठ्यांना कुणी हात लावत नव्हतं, ते भराभर वाचून होताहेत. मी घरी जाऊन नवऱ्याला हे सांगताना अक्षरशः नाचले. त्यानं विचारलं, “बाईसाहेब, लॉटरी लागली का?” म्हटलं, तसंच समज!

त्यानंतर सरांच्या खुर्चीशेजारी मी स्वतः पाण्याचा तांब्या ठेवायला लागले.

एक गोष्ट मात्र मला सलायची. सरांचं स्वतःचं काम अर्धवट पडलं होतं. उमेदीच्या काळात त्यांनी सायकलला टेपरेकॉर्डर बांधून पूर्णाकाठचा खारपाणपट्टा पालथा घातला होता. तिकडे विहीर खणली की खारं पाणी लागतं. एखाद्याच गावात गोड पाण्याची विहीर, आणि तिच्यावर सगळ्या गावाचा जीव. ती कुणी शोधली, जागा कशी हेरली, हे सरांनी जुन्या माणसांच्या तोंडून कॅसेटवर उतरवून घेतलं. पुस्तक करायचं राहिलं. आधी नोकरी, मग बायकोचं लांबलेलं दुखणं, मग ती गेली. तोवर कानही गेले. बोलणारी माणसं कधीच वर पोचलेली, कॅसेटींना बुरशी लागत चाललेली, आणि ज्यानं ते ऐकलं होतं त्यालाच आता ऐकू येत नव्हतं. आणखी दोन पावसाळे गेले तर त्या कॅसेटी वाजणारही नाहीत, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मी एकदा त्यांच्या कानाशी ओरडून म्हटलं, “सर, तुमच्यासाठी बघू का कुणी?”

“छे! मध्यस्थानं आपल्या घरचं स्थळ पुढं करू नये मॅडम. लोक म्हनतीन, यासाठीच येत होता बुढा.” मग आयुष्यात पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाले, “अन् बयरा नवरदेव कोन पसंत करते?”

तेवढ्यात परतवाड्याची सायली आली. भूगोलाची पोरगी, विषय खारपाणपट्ट्यातलं भूजल. आता सर कुठे पळतात बघते, म्हटलं! आणि सरांनी काय करावं? तिची गाठ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांशी घातली. साहेब स्वभावानं गोड. पोहे संपेपर्यंत त्यांनी धरण बांधून कालवे काढले आणि चहा यायच्या आत डुलकी घेतली.

सायली माझ्याकडे आली. “मॅडम, मले विहिरी पायजेत. साहेबाजवळ निस्ते कालवे हायेत.”

मग मी तिला सगळं सांगितलं. कॅसेटींचं, कानांचं आणि मध्यस्थाच्या रीतीचं. पोरगी म्हणाली, “मुलाकडच्यांनी नाही इचारलं तर मुलीकडचे जातात. चाला, अकोल्याले जाऊ.”

रविवारी आम्ही दोघी न सांगता सरांच्या दारात. आधी त्यांना कळेना. कळलं तेव्हा आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले, त्याची बटणं वरखाली लागलेली. शेजारून पोहे मागवले. आणि हा माणूस, जो ग्रंथालय डोक्यावर घेतो, तो बशीकडे बघत मुकाट बसला! शेवटी सायलीनंच ओरडून विचारलं, “सर, तापट हायेत का तुमी?”

“थोडासा,” सर लाजले.

सायलीनं येताना जुना प्लेअर आणला होता. एक कॅसेट कापसानं हळुवार पुसली, आत सरकवली आणि हेडफोन कानाला लावले. सर तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. निकालाच्या दिवशी पोरं बघतात, तसे. कॅसेटची फीत तुटली तर?

“काय येऊन राहिलं?”

“नुसता रहाट वाजून राहिला सर.” मग तिचा चेहरा एकदम उजळला. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि ऐकेल तसं, त्याच चालीवर सांगायला लागली. “एक बुवा बोलून राहिले. म्हनतात, ‘मास्तर, एवढ्या उनाचा आला तू. आधी पानी पे. गोळ हाय, खारं नाही. मंग काय इचाराचं ते इचार.’”

“सोनाजी!” सर असे ओरडले की शेजारीण धावत आली. “सोनाजीबुवा हाय तो! मी तवा तुह्यासारखाच होतो पोरी. मले काई समजत नव्हतं, काय इचारावं तेई येत नव्हतं. त्यानं धरून गावोगाव फिरवलं मले. त्याले मी पुस्तक आनून देतो म्हटलं होतं.”

सरांनी हात पुढे करून प्लेअरवर तळवा ठेवला. आतलं चाक फिरत होतं, ते त्यांना हाताला लागत असावं. सायलीचे डोळे भरून आले होते, माझेही.

“हे बोलल्यावर तो हासते,” सर म्हणाले. “एकई दात नव्हता तोंडात, पन हासे गंज, पोटभर. आलं का हासू?”

सायलीनं मान हलवली. “आलं सर. अजून हासूनच राहिले. पुढचं सांगू का?”

“थांब. घाई नको करू,” सर म्हणाले. “पुरं हासू दे त्याले.”