संसर्गमुक्त कक्षातला खोकला

साहेब, आमच्या आप्पांना सर्दी तुम्ही दिलीत. तुमचं नाव लिहीत नाही. त्या इस्पितळात तुमच्या नावाच्या पाटीशिवाय एक भिंत उरलेली नाही, शोधणाऱ्याला सापडेल.

आप्पा शिंपी. हृदयाची शस्त्रक्रिया झाली, छाती उघडून परत शिवली. शुद्धीवर आल्यावर टाके बघून म्हणाले, "शिलाई बरी आहे. अस्तर मात्र जुनंच ठेवलेलं दिसतंय." डॉक्टरांनी त्यांना एक घट्ट उशी दिली. खोकला आला की ती छातीशी कवटाळायची, म्हणजे जुळत आलेलं हाड हलत नाही. "पण शक्यतो खोकला येऊच देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्याची साधी सर्दी तुमच्या जिवावर बेतेल."

म्हणून नियम कडक. अभ्यागत एकच, मास्क लावलेला, हात धुतलेला. एकदा आईला दारातच पाणी पिताना ठसका लागला.

"मावशी, मागे फिरा," रखवालदार म्हणाला.

"अरे बाबा, पाणी अडकलं नुसतं!"

"पाणी अडको नाहीतर अमृत. खोकला तो खोकला."

आई परतली. वर म्हणाली, "पोरगं काम चोख करतंय हो."

मग कक्ष 'संसर्गमुक्त' असल्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायला तुम्ही आलात. मागे अख्खी वरात. तुमचं नाक वाहत होतं, आवाज बसला होता आणि मास्क हनुवटीवर होता, कारण फोटोत चेहरा यायला हवा. त्याच रखवालदाराने खाडकन सॅल्यूट ठोकला. भाषणात 'संसर्ग' या शब्दापाशी पोचलात आणि तळहातात शिंकलात. काही जणांनी टाळ्या वाजवल्या. मग तोच तळहात घेऊन तुम्ही आप्पांकडे आलात, उशीवरचा त्यांचा हात ओढून घेतलात आणि फोटो मनासारखा येईपर्यंत हलवत राहिलात.

"आप्पा, हात कशाला दिलात?" मी नंतर विचारलं.

"मी कुठे दिला? त्यांनी घेतला. आणि साहेबांचा हात झिडकारायचा कसा रे?"

दोनच दिवसांत आप्पांना ताप भरला. मग खोकला. प्रत्येक उबळीला ते उशी आवळायचे आणि चेहरा कागदासारखा पांढरा पडायचा. तपासणीत विषाणू निघाला. ऑक्सिजनची नळी लागली. मी तक्रार केली, चौकशी बसली.

"परिपत्रकानुसार संसर्ग अभ्यागतांमुळे होतो," चौकशी अधिकारी म्हणाले. "साहेब अभ्यागत नव्हते, पाहणीवर होते. सबब त्यांच्यापासून संसर्ग संभवत नाही."

"अहो, ते सगळ्यांसमोर शिंकले!"

"ती शिंक शासकीय दौऱ्यातली. तिला अभ्यागताची शिंक म्हणता येणार नाही. रुग्णाला अभ्यागत कोण येतं?"

"आई."

"त्यांना यापूर्वी कधी खोकला?"

रखवालदाराने मान खाली घातली. "ठसका होता साहेब. एकदाच."

निकाल लागला. आईला कायमची प्रवेशबंदी.

राहिली एक तांत्रिक अडचण. संसर्गमुक्त कक्षात संसर्ग झालेला रुग्ण असूच शकत नाही, आणि आप्पा तर होते. प्रमाणपत्र चौकटीसकट भिंतीत पक्कं ठोकलेलं, खाटेला मात्र चाकं. त्यामुळे खाट हलली. आता आप्पा बाहेरच्या बोळात आहेत. समोर सर्दीतापाच्या रुग्णांची रांग असते आणि ती येताजाता त्यांच्या खाटेला धरून उभी राहते. आई बोळाच्या दारातल्या काचेतून बघते. आप्पा तिला उशी उंचावून दाखवतात, म्हणजे अजून बरा आहे. काल उशी फार वर गेली नाही.

आज निरोप आला. झाल्या प्रकाराने तुम्ही व्यथित आहात. अंगात कणकण असूनही आप्पांची विचारपूस करायला उद्या जातीने येणार आहात. आप्पांना उठवून बसवून ठेवायचं आहे.

साहेब, तुमच्याकडून मला उत्तर नको, तुम्ही दुसरी चौकशी नेमाल. मला उत्तर हवंय ते आत्ता वाचता वाचता हसत असलेल्यांकडून. हसणाऱ्यांनो, समजा उद्या त्या दारात रखवालदाराच्या जागी तुम्ही उभे आहात. एका बाजूने साहेब येतायत नाक पुसत, दुसऱ्या बाजूने माझी आई, धुतलेले हात पुढे धरून. अडवणार कोणाला? पुटपुटू नका, मोठ्याने सांगा. आप्पा खोकला दाबून ऐकतायत.