सेवाज्येष्ठ सरनोबत

मला घोड्यावर बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. (पडता येतं. त्यात माझा हात कोणी धरणार नाही.) तरीही बाभुळगावच्या आमच्या शिवजयंती अश्वदलाचा सरनोबत व्हायचं मी ठरवलं. कारण यंदा मिरवणूक पाहायला पुसदहून मेहुणी केतकी येणार होती, आणि सोबत तिचा नवरा सलील. हा माझा साडू दर लग्नात चारचौघांत विचारतो, "कमलाकरराव, अजून बाबूच का?"

आमचं अश्वदल म्हणजे फेटे बांधलेली, पत्र्याच्या तलवारी घेतलेली वीसेक माणसं आणि एक घोडी. घोडी किसनसिंगची, नाव चंपा. एरवी ती नवरदेव वाहते. पण यंदा कापसाला भाव नव्हता, लग्नं घरच्या अंगणात उरकत होती, म्हणून चंपा आम्हाला केव्हाही मिळायची. तिच्यावर बसतो तो सरनोबत, बाकी आम्ही सगळे बारगीर, पायी. जुन्या सरनोबतांची केळापूरला बदली झाली आणि जागा रिकामी झाली.

"मी केतकीला फोन केला," रत्नप्रभा, म्हणजे आमची ही, म्हणाली. "मिरवणूक आपल्या दारी थांबन, अन् सरनोबताचं औक्षण मीच करीन. पुरण पण टाकते."

"अगं, अजून निवड व्हायची आहे!"

"मंग करून घ्या न. जन्म हापिसात गेला न तुमचा?"

बैठकीत सगळ्यांचा कल घनश्यामकडे. शेतकरी गडी, उधळलेल्या गोऱ्ह्यावरही मांड ठोकून बसेल. मी उठलो आणि आस्थापना शाखेत कमावलेली सगळी विद्या ओतली. बढती गुणांवर द्यायला लागलो तर दल फुटेल! बढती सेवाज्येष्ठतेनेच! घोड्यावर बसता येणं ही अट आपल्या नियमांत आहे कुठे? (नियमच नव्हते.)

"जो दलात सगळ्यांत जुना, तो सरनोबत. मंजूर?"

मंजूर झालं. माझ्याआधीचे सगळे गुडघ्यांपायी घरी बसले होते. मी फेट्यासाठी मान पुढे केली.

"थांबा बाबूजी," किसनसिंग म्हणाला. "आमच्या चंपेले काहून सोडून राह्यले? दल निघालं तवा पयल्या दिवशी ते होती. तुमी तं मांगून आले."

"अरे, ती घोडी आहे!"

"मंग अश्वदल कोनाचं हाय?"

टाळ्या पडल्या. चंपा एकमताने सरनोबत झाली. मीही हसून टाळ्या वाजवल्या. म्हटलं, मान तिचा राहू दे, पाठ तर मला मिळेल. तिच्या खालोखाल जुना मीच!

मिरवणुकीच्या दिवशी चंपाच्या कपाळावर मोत्याचा तुरा बांधला. मी रिकिबीत पाय घातला, तोच घनश्याम ओरडला, "बाबूजी, हे काय करून राह्यले? साहेबाच्या पाठीवर बसता? तुमच्या हापिसात बसतेत काय असे?"

खरं सांगतो, बावीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबाच्या खुर्चीलाही हात लावलेला नाही. मी पाय काढला. सरनोबत रिकाम्या पाठीने निघाले, आणि दोन नंबरचा ज्येष्ठ म्हणून लगाम माझ्या हाती आला.

आमच्या दारात केतकी, सलील, अख्खी गल्ली उभी. रत्नप्रभाने आधी घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"सरनोबत कुठं हायेत?" तिने विचारलं.

मी मानेनेच चंपाकडे खूण केली.

माझी बायको दिलेला शब्द मोडत नाही. तिने चंपाला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि ताटातल्या पुरणपोळ्या एकामागून एक भरवल्या. सलील पोट धरून हसत होता. शेवटी मी ओशाळून म्हणालो, "मला एखादी?"

"संपल्या," ती म्हणाली, आणि दारामागचा खराटा अन् टोपली माझ्या हातात दिली. "साहेबानं रस्त्यात केलं, ते आधी उचला."

तेवढ्यात साडू पुढे झाला. आज पहिल्यांदाच त्याने मला 'अजून बाबूच का?' असं विचारलं नाही.

त्याने चंपाला विचारलं, "मॅडम, हा माणूस कामाला बरा आहे ना?"