खोक्यातला बल्ब

ॲम्प्लिफायरच्या फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी गुंडाळलेली पाहून श्रेयाने पप्पूकडे पाहिलं.

"फ्यूज टिकतच नव्हता, वहिनी," पप्पू पुटपुटला. संध्याकाळी लोणी गावात हळदीचा कार्यक्रम, त्याच्या बँडपार्टीची सुपारी ठरलेली, आणि गिटारचा हा डबा मुका. "पुण्याच्या पेठेतली वहिनी काय करणार?" असं पार्टीतले म्हणाले होते, पण पुण्याला न्यायला वेळ नव्हता.

पुन्हा फ्यूज घालून जाळण्यापेक्षा श्रेयाने तपासणीचा बोर्डच करायला घेतला. विजेच्या वाटेत आधी बल्ब, मग ॲम्प्लिफायर. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि मशीन वाचतं. दोष गेला की बल्ब मंदावतो. बाळ झोळीत झोपलं होतं तेवढ्यात फळीवर होल्डर आणि सॉकेट बसलं. अडलं बल्बापाशी. दुकानांत सगळे एलईडी, ते इथे कुचकामी. तारेचा शंभर वॅटचा बल्ब घरात एकच होता, सासूबाई साळुबाईंच्या खोक्यात, कोंबडीच्या पिल्लांना ऊब देत.

"त्याला हात लावायचा न्हाई," साळुबाईंनी बजावलं. "पिल्लं काकडत्यात."

श्रेयाने बल्ब हलवलाच नाही. बोर्डच पडवीत खोक्याजवळ आणला आणि वर एक स्विच बसवला: इकडे टाकला की बल्ब थेट, तिकडे टाकला की ॲम्प्लिफायरमधून.

स्विच तिकडे टाकला. बल्ब लख्ख. म्हणजे शॉर्ट. पप्पूचं तोंड उतरलं, पिल्लं मात्र पंख पसरून बसली.

"लई गुणाचं मशीन हाय," साळुबाई म्हणाल्या. "आता त्याला छेडू नगंस."

श्रेयाने छेडलं. स्विच इकडे घेतला, ॲम्प्लिफायरचा प्लग काढला, जळका ट्रान्झिस्टर उपटून दुसरा बसवला. पुन्हा प्लग लावून स्विच तिकडे टाकला. बल्ब क्षणभर पेटला आणि मंदावला. मग खोक्यातून एकच चिवचिवाट उठला.

"बल्ब घालवलास ना!"

"बल्ब नाही आई, बिघाड गेला," श्रेया हसली. "पप्पूभाऊ, वाजवा."

पप्पूने तार छेडली. पडवी दणाणली. बाळ जागं झालं आणि रडायचं विसरून ऐकत राहिलं. साळुबाईंनी मात्र पिल्लांसाठी स्विच पुन्हा इकडे टाकला.

लोणीची हळद अशी वाजली की दोन दिवसांनी दारात एक अनोळखी पावणा उभा राहिला, स्कूटरवर ॲम्प्लिफायर बांधून. श्रेया बाहेर येईपर्यंत साळुबाईंनी चौकशी सुरू केली होती.

"थोडंच बिघडलंय का पार जळलंय?"

"पार जळलंय, मावशी."

"मग आना आत. पिल्लं अजून ल्हान हायेत."